वायुकोशांतला फेस: सरफॅक्टंटच्या शोधामागची पार्श्वभूमी

कोल्हापुरात एखाद्या घरी दिवस भरण्याआधीच बाळंतपण झालं की चार दिवसांत सगळ्या घराला काही शब्द तोंडपाठ होतात. काचेची पेटी, सीपॅप (नाकावाटे दाबाने हवा देणारं यंत्र), ‘फुफ्फुसं पिकायची इंजेक्शनं’ आणि सरफॅक्टंट. हे शेवटचं औषध छोट्या बाटलीत येतं, दुधासारखं पांढरं. फ्रीजमधून काढल्यावर सिस्टर बाटली मुठीत धरून कोमट करतात, हळूच उलटीपालटी करतात, पण हलवत नाहीत. हलवली की फेस होतो. मग ते नळीवाटे थेट बाळाच्या श्वासनलिकेत सोडलं जातं. बहुतेक वेळा ते गाईच्या किंवा डुकराच्या फुफ्फुसातून काढलेलं असतं. ते बाळापर्यंत पोहोचायला पन्नासएक वर्षं लागली, आणि वाटेतला एक मोठा टप्पा विषारी वायूंवर काम करणाऱ्या लष्करी प्रयोगशाळांतून गेला.

आधी अडचण काय ती पाहू. आपल्या फुफ्फुसांत तीस ते पन्नास कोटी वायुकोश असतात, एकेकाचा व्यास जेमतेम 0.2 मिलिमीटर. ते आतून ओले असतात, आणि ओल्या पृष्ठभागाला हवा भिडली की पृष्ठताण आलाच, म्हणजे तो पृष्ठभाग आक्रसायला बघतो. शरीराच्या तापमानाला शुद्ध पाण्याचा पृष्ठताण मीटरला सुमारे 70 मिलिन्यूटन. लाप्लासच्या नियमानुसार गोल कोशाच्या आतला दाब हा ताणाच्या दुपटीला त्रिज्येने भागून मिळतो. हिशेब केला तर 0.1 मिलिमीटर त्रिज्येचा कोश उघडा ठेवायला सुमारे 14 सेंटिमीटर पाण्याइतका दाब लागेल. त्रिज्या निम्मी झाली की 28. म्हणजे कोश जितका लहान, तितका तो मिटायला टेकलेला. श्वास सोडल्यावर फुफ्फुसं पार मिटायला हवीत, पण तसं होत नाही.

कारण वायुकोशाच्या भिंतीतल्या काही पेशी, ज्यांना दुसऱ्या प्रकारच्या पेशी म्हणतात, सरफॅक्टंट तयार करतात. त्यात नव्वद टक्के स्निग्ध पदार्थ, बाकी प्रथिनं. नुसता ताण कमी करणं हे काम साबणही करतो. सरफॅक्टंटची खरी करामत अशी, की कोश आक्रसला की त्याचे रेणू पृष्ठभागावर दाटीवाटीने बसतात आणि ताण जवळपास शून्यावर येतो. कोश फुगला की रेणू विरळ होतात आणि ताण पुन्हा चढतो. (पाठ्यपुस्तकात एका नळीला जोडलेले लहान-मोठे दोन बुडबुडे दाखवतात आणि लहानातली हवा मोठ्यात जाते असं सांगतात. नियम शिकवायला चित्र बरं आहे, पण खरे वायुकोश असे सुटे नसतात. शेजाऱ्यांच्या भिंती सामायिक असतात आणि त्या एकमेकींना ताणून धरतात.) गर्भात या पेशींचं काम साधारण चोविसाव्या आठवड्यापासून सुरू होतं, पण पुरेसा साठा व्हायला चौतीस-पस्तीस आठवडे जावे लागतात. त्याआधी जन्मलेल्या बाळाला प्रत्येक श्वास जवळजवळ पहिल्या श्वासाइतकाच जड जातो.

यातलं निम्मं उत्तर 1929 मध्येच मिळालं होतं. स्वित्झर्लंडमध्ये काम करणाऱ्या कुर्ट फॉन नीरगार्ड यांनी डुकराची फुफ्फुसं एकदा हवेने आणि एकदा द्रावणाने भरून पाहिली. द्रावणाने ती फारच कमी दाबात फुगली, कारण हवा आणि पाण्याची सीमाच उरली नव्हती. फुफ्फुसाच्या आक्रसण्यात अर्ध्याहून जास्त वाटा पृष्ठताणाचा आहे, असं त्यांनी मांडलं. नवजात बाळाच्या श्वासाशी याचा संबंध तपासायला हवा, हेही सुचवलं. लेख जर्मनमध्ये होता, तो फारसा कुणी वाचला नाही, आणि ते स्वतःही पुढे दुसऱ्या विषयाकडे वळले. दरम्यान, दगावलेल्या बाळांच्या फुफ्फुसांत काचेसारखा गुलाबी पापुद्रा दिसायचा, त्यालाच डॉक्टर आजाराचं मूळ समजत राहिले. तो मूळ नव्हता, परिणाम होता.

मग आली लष्करी प्रयोगशाळा. फॉस्जिनसारख्या विषारी वायूने फुफ्फुसात पाणी भरतं आणि फेस येतो. इंग्लंडमधल्या पोर्टन डाउन इथे रिचर्ड पॅटल हा फेस तपासत होते. कागल-करवीरकडच्या कोणत्याही गुळव्याला विचारा: काहिलीतला रस उतू जायला लागला की तेलाचे चार थेंब टाकायचे, फेस बसतो. पॅटल यांनी फेस मोडणारं सिलिकोन टाकून पाहिलं, पण फुफ्फुसाचा फेस काही बसेना. इतके बारीक बुडबुडे टिकतात, म्हणजे त्यांच्या पृष्ठभागाचा ताण जवळपास शून्य असला पाहिजे, असं त्यांनी 1955 मध्ये ‘नेचर’मध्ये लिहिलं. तिकडे अमेरिकेत एजवूडच्या लष्करी केंद्रात जॉन क्लेमेंट्स यांनी फुफ्फुसाच्या अर्काचा थर उथळ ताटलीत पसरला, तो दाबत-सोडत त्याचा ताण मोजला, आणि क्षेत्रफळाबरोबर ताण बदलतो हे 1957 मध्ये दाखवून दिलं.

धागा जुळवला तो मेरी एलन एव्हरी यांनी. ऐन उमेदीत क्षयाने आजारी पडलेल्या या डॉक्टरांच्या लक्षात आलं होतं, की श्वासाच्या त्रासाने गेलेल्या बाळांच्या फुफ्फुसांत फेस दिसतच नाही. क्लेमेंट्स यांच्याकडे जाऊन त्यांनी मोजणी समजून घेतली. जेरे मीड यांच्यासोबत 1959 मध्ये त्यांनी जाहीर केलं: या बाळांत सरफॅक्टंटच कमी आहे. माझ्या मते या सगळ्या कहाणीतलं सर्वात मोलाचं निरीक्षण हेच. फेस सगळ्यांनी पाहिला होता. तो नाही, हे एव्हरींनी पाहिलं.

कारण कळलं, पण उपाय हाती नव्हता. 7 ऑगस्ट 1963 रोजी अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांचा मुलगा पॅट्रिक साडेपाच आठवडे आधी जन्मला. वजन 2.1 किलो, म्हणजे आज कोणताही बालरोगतज्ज्ञ घाबरणार नाही इतकं. तो 39 तास जगला. त्यानंतर या आजाराकडे लक्ष आणि पैसा वळला. पण साठच्या दशकात सरफॅक्टंटमधला मुख्य स्निग्ध घटक तेवढा धुक्यासारखा फवारून दिला गेला आणि तो प्रयोग फसला. धुकं पुरेसं आत पोहोचत नव्हतं. शिवाय थर झटपट पसरवणारी प्रथिनं त्यात नव्हतीच. 1980 मध्ये जपानमधल्या तेत्सुरो फुजिवारा यांनी गाईच्या फुफ्फुसाचा अर्क नळीवाटे दहा बाळांना दिला, तेव्हा कुठे गुण आला. 1990 पासून अमेरिकेत सरफॅक्टंटच्या औषधांना मान्यता मिळत गेली.

दुसरी वाट स्वस्तातली निघाली: बाळंतपणाआधी आईला स्टेरॉइड देऊन बाळाची फुफ्फुसं पिकवायची. न्यूझीलंडमध्ये ग्रॅहम लिगिन्स मेंढ्यांवर प्रयोग करत होते. स्टेरॉइड मिळालेली कोकरं इतकी अपुऱ्या दिवसांची असूनही श्वास घेताना दिसली. रॉस होवी यांच्यासह त्यांनी 282 गरोदर बायकांवर चाचणी घेऊन 1972 मध्ये निष्कर्ष छापले. तरी अमेरिकेतल्या तज्ज्ञांची ठाम शिफारस यायला 1994 उजाडलं. एवढा उशीर मला तरी न पटणारा.

भारत सरकारच्या 2014 च्या मार्गदर्शक सूचना कोल्हापूरसारख्या जिल्ह्याला विशेष कामाच्या आहेत. 24 ते 34 आठवड्यांत कळा सुरू झाल्या तर आईला डेक्सामेथासोन या स्टेरॉइडचं 6 मिलिग्रॅमचं इंजेक्शन, दर बारा तासांनी, एकूण चार डोस. आणि पहिला डोस उपकेंद्रातली एएनएम, म्हणजे आरोग्यसेविकासुद्धा देऊ शकते. गगनबावडा किंवा चंदगडकडची वाडी, पावसाळा, पंचगंगेला पूर आलेला आणि रस्ते बंद, अशा वेळी कोल्हापुरातल्या सीपीआर या सरकारी रुग्णालयापर्यंत यायला किती तास लागतील याचा भरवसा नसतो. पहिला डोस गावाकडेच पडला तर ते तास फुकट जात नाहीत. मात्र रेफरच्या चिठ्ठीवर डोसची वेळ लिहिलेली हवी, नाहीतर पुढचा डोस कधीचा हे इथल्या डॉक्टरांना कळायला मार्ग नसतो.