उन्हाळी की मूतखडा?

लघवीला जळजळ झाली की 'उन्हाळी लागली' म्हणायचं आणि अँटिबायोटिक सुरू करायचं. बहुतेक वेळा ते बरोबरही असतं. बायकांची लघवीची बाहेरची नळी जेमतेम ४ सेंटिमीटर, त्यामुळे जंतूंना मूत्राशय जवळच.

मूतखड्याचं दुखणं वेगळं. एका कुशीत कळ उठते, जांघेकडे उतरते, ओसरते, पुन्हा येते. बाईला एका जागी बसवत नाही. कूस बदल, उठून येरझाऱ्या घाल, मग उलटी. संसर्गात खेपा फक्त बाथरूमच्या: दर दहा मिनिटांनी जायचं आणि चार थेंब होऊन परत यायचं. दुखतं ते ओटीपोटात.

घोटाळा होतो तो खडा मूत्रवाहिनीतून (मूत्रपिंडातून मूत्राशयात लघवी आणणारी नळी) खाली सरकून, ती मूत्राशयाला मिळते तिथे अडकला की. तिथून तो मूत्राशयाला डिवचत राहतो आणि जळजळ, घाई, सगळं हुबेहूब संसर्गासारखं होतं. लघवीत रक्त तर दोन्हींत सापडतं (पाळी चालू असेल तर नमुन्यात तेही मिसळतं, लॅबमध्ये आधीच सांगावं). म्हणून कल्चरमध्ये (लघवीतले जंतू वाढवून बघायची तपासणी) जंतू नाहीत, जळजळ मात्र कायम, आणि हातात अँटिबायोटिकचा दुसरा कोर्स, असं झालं तर मी म्हणेन, आधी सोनोग्राफीचं विचारा. तिच्यातही मूत्रवाहिनीतला खडा निसटू शकतो. खात्रीचा सीटी स्कॅन. मात्र दिवस गेलेत का हे त्याआधी बघायचं. गरोदरपणात सोनोग्राफीच पहिली. शिवाय एका बाजूची कळ गर्भनलिकेत राहिलेल्या गर्भाची किंवा पीळ पडलेल्या बीजकोशाचीही असू शकते.

अँटिबायोटिकने खडा विरघळत नाही. मूत्रवाहिनीतला ५ मिलिमीटरच्या आतला खडा बहुधा आपोआप पडतो, तोवर वेदनाशामक. १० च्या वरचा सहसा दुर्बिणीने काढावा किंवा बाहेरून लहरींनी फोडावा लागतो.

कळ आणि हुडहुडी भरून ताप एकदम आले, तर हे की ते करत बसू नये. अडलेल्या मूत्रपिंडात संसर्ग कोंडला गेलाय, तो रक्तात पसरू शकतो; सकाळची वाट न बघता हॉस्पिटल गाठायचं. तिथे खड्याला लगेच हात लावत नाहीत. आधी मूत्रवाहिनीत स्टेंट (बारीक नळी) टाकून किंवा पाठीतून मूत्रपिंडात नळी घालून तुंबलेली लघवी मोकळी करतात, शिरेतून अँटिबायोटिक देतात. 'खडा तसाच ठेवला?' म्हणून नातेवाईक चिडतात. ठेवलाय तो मुद्दाम. संसर्ग उतरला की काढतात.