चेताविज्ञानातील पीएच.डी. संशोधन

मेंदू, मज्जारज्जू आणि शरीरभर पसरलेल्या चेतांचे काम कसे चालते, यातल्या एखाद्या बारीक प्रश्नावर विद्यार्थ्याने मार्गदर्शकाच्या प्रयोगशाळेत पाच-सहा वर्षे केलेले आणि प्रबंधरूपाने विद्यापीठाला सादर केलेले काम. ‘बारीक’ हा शब्द इथे महत्त्वाचा. माणसाच्या मेंदूत सुमारे ८६ अब्ज चेतापेशी असतात. अख्ख्या मेंदूवर पीएच.डी. कोणी करत नाही. कोणी उंदराच्या हिप्पोकॅम्पसमधल्या, म्हणजे मेंदूच्या स्मृतीशी निगडित भागातल्या, एका जातीच्या पेशीवर करतो, कोणी फळमाशीच्या शृंगिकेवर, म्हणजे डोक्यावरच्या मिशीवर.

या विषयाला मराठीत अजून एक ठरलेले नाव नाही. मराठी विश्वकोश ‘तंत्रिका तंत्र’ म्हणतो, शाळेची पुस्तके ‘चेतासंस्था’ म्हणतात, बोलण्यात ‘मज्जासंस्था’ आणि ‘मज्जातंतू’ येतात. प्रयोगशाळेत मात्र मराठी माध्यमातून आलेला विद्यार्थीही चेतापेशीला ‘न्यूरॉन’च म्हणतो. यांतला ‘मज्जातंतू’ हा शब्द सगळ्यात रुळलेला आणि सगळ्यात फसवा: हाडांतल्या मज्जेचा त्याच्याशी काही संबंध नाही. या नोंदीत शाळेतले शब्द वापरले आहेत.

स्वतंत्र शाखा म्हणून चेताविज्ञान तसे तरुण आहे. रामोन इ काहाल आणि गॉल्जी यांना चेतासंस्थेच्या रचनेवरील कामासाठी नोबेल मिळाले ते १९०६ साली. पण त्यानंतरही बरीच वर्षे मेंदूची रचना शरीररचनाशास्त्राकडे, विद्युत्‌संदेश शरीरक्रियाशास्त्राकडे आणि वर्तन मानसशास्त्राकडे अशी वाटणी होती. हार्वर्डमध्ये स्टीफन कफलर यांच्या नेतृत्वाखाली चेताजीवशास्त्राचा वेगळा विभाग १९६६ मध्ये निघाला, तेव्हा ही मंडळी एका छताखाली आली. आजही एकाच तुकडीत एमबीबीएस झालेली मुलगी, भौतिकशास्त्राचा पदवीधर आणि इलेक्ट्रॉनिक्सचा इंजिनिअर शेजारी बसलेले दिसतात. पहिले वर्ष कोर्सवर्कमध्ये जाते ते यासाठीच: एकाला पेशी शिकायची असते, दुसऱ्याला संख्याशास्त्र.

भारतातले यातले सर्वांत बोलके उदाहरण मुंबईचे आहे. होमी भाभांच्या बोलावण्यावरून ओबेद सिद्दिकी यांनी १९६२ मध्ये कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, म्हणजे टीआयएफआरमध्ये, रेणवीय जीवशास्त्राचे काम सुरू केले. सुरुवात जीवाणूंच्या जनुकशास्त्रापासून होती. पुढे कॅलिफोर्नियात जनुकशास्त्रज्ञ सीमूर बेन्झर यांच्याबरोबर काम करताना ते फळमाशीकडे वळले. तापमान वाढवले की लुळ्या पडणाऱ्या माश्यांवरचा या दोघांचा निबंध १९७६ चा. त्यातल्या ‘कोमॅटोज’ नावाच्या वाणात नेमके काय बिघडले होते, ते नव्वदच्या दशकात कळले: चेतापेशीतल्या पुटिकांमधून (इवल्या पिशव्यांमधून) संदेशवाहक रसायन बाहेर सोडण्याच्या यंत्रणेतले एनएसएफ हे प्रथिन. याच यंत्रणेच्या शोधासाठी २०१३ चे नोबेल दिले गेले.

सिद्दिकींकडे पीएच.डी. करायला आलेल्या व्हेरोनिका रॉड्रिग्ज यांचा जन्म केनियातला, आईवडील गोव्याचे. शिक्षण कंपाला आणि डब्लिनमध्ये. त्यांनी घेतलेला प्रश्न ऐकायला पोरकट वाटेल: माशीला वास कसा येतो? पद्धतही तशीच साधी. एक रसायन देऊन माश्यांच्या जनुकांत बदल घडवायचे, मग त्यांना इंग्रजी ‘वाय’सारख्या दुफाट्याच्या नळीत सोडायचे. एका फाट्यात वास, दुसरा कोरा. कोणत्या फाट्यात किती गेल्या ते मोजायचे, आणि हे हजारो माश्यांवर करायचे. त्यातून असे वाण हाती लागले की ज्यांना एखाद्या जातीचा वास कळत नसे, पण बाकीचे वास नीट कळत. म्हणजे निरनिराळे वास मेंदूकडे निरनिराळ्या वाटांनी जात असले पाहिजेत. सस्तन प्राण्यांतली गंधग्राहक जनुके सापडली १९९१ मध्ये आणि माशीतली १९९९ मध्ये. सिद्दिकी व रॉड्रिग्ज यांचा निबंध १९७८ चा आहे. पीएच.डी.नंतर जर्मनीतल्या ट्यूबिंगेनला जाऊन त्या टीआयएफआरमध्येच परतल्या आणि पुढे त्या विभागाच्या प्रमुख झाल्या. २०१० मध्ये त्यांचे निधन झाले.

माशीच्या प्रयोगशाळेतला दिवस पहाटे सुरू होतो, कारण संकरासाठी अजून नराशी संबंध न आलेली मादी लागते. २५ अंश सेल्सियसला कोशातून बाहेर पडल्यावर साधारण आठ तासांच्या आत ती वेगळी करावी लागते. सगळे तिला सरळ ‘व्हर्जिन’ म्हणतात आणि ‘आज व्हर्जिन किती मिळाल्या?’ हा तिथला नेहमीचा प्रश्न. बाहेरचा पाहुणा दचकतो. कार्बन डायऑक्साइडने बेशुद्ध केलेल्या माश्या सूक्ष्मदर्शीखाली पसरून मऊ कुंचल्याने नर एका बाजूला, माद्या दुसऱ्या बाजूला केल्या जातात. नुकत्या जन्मलेल्या मादीच्या फिकट पोटात एक काळसर ठिपका दिसतो, ती खूण. मक्याचे पीठ, साखर, यीस्ट आणि अगर शिजवून केलेल्या खाद्याचा आंबूस वास कपड्यांना लागतो तो लागतोच.

उंदरावर काम करणाऱ्याचे दुखणे वेगळे. मेंदू बाहेर काढून बर्फगार द्रावणात टाकायचा आणि सुमारे ०.३ मिलिमीटर जाडीचे काप करायचे, हे सगळे झटपट. ऑक्सिजनचे बुडबुडे सोडलेल्या द्रावणात हे काप काही तास जिवंत राहतात. मग पेशीतला विद्युत्‌प्रवाह मोजण्याचे तंत्र, ‘पॅच क्लॅम्प’: टोकाशी साधारण एक मायक्रोमीटर छिद्र असलेली काचेची नळी पेशीला टेकवायची आणि तिला जोडलेल्या रबरी नळीतून तोंडाने अगदी हलके ओढायचे. काच आणि पेशीपटल एकजीव झाले की विद्युत्‌रोध अब्ज ओहमच्या वर जातो. याला ‘सील मिळणे’ म्हणतात. एर्विन नेहर आणि बर्ट साकमन यांनी १९७६ मध्ये दाखवलेल्या या तंत्राला १९९१ मध्ये नोबेल मिळाले. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला मात्र महिनोन्‌महिने सीलच मिळत नाही. उंदीर वापरायचे तर संस्थेच्या प्राणी-नीती समितीची मंजुरी आधी लागते, तीही वेळखाऊ. फळमाशीला ती लागत नाही; विषय निवडताना हा हिशोब कोणी उघड बोलून दाखवत नाही एवढेच.

भारतात हे संशोधन बंगळुरूच्या निम्हान्स (मानसिक आरोग्य व चेताविज्ञान संस्था), एनसीबीएस (टीआयएफआरचे जीवशास्त्र केंद्र) आणि भारतीय विज्ञान संस्थेत, हरियाणातल्या मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रात, पुण्याच्या आयसरमध्ये (भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्था) आणि मुंबईच्या टीआयएफआरमध्ये चालते. टीआयएफआरमध्ये विदिता वैद्य यांची प्रयोगशाळा भावना आणि ताण यांच्या मेंदूतल्या पायाभूत यंत्रणांवर काम करते. प्रवेश नेट, गेट या राष्ट्रीय परीक्षांतून किंवा टीआयएफआर-एनसीबीएसच्या संयुक्त परीक्षेतून, आणि नंतर मुलाखत. खरी चाळणी मुलाखतीत लागते. कनिष्ठ शिष्यवृत्ती जानेवारी २०२३ पासून महिना ३७,००० रुपये, दोन वर्षांनी ४२,०००. वसतिगृह मिळाले तर मुंबईत भागते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांत कमीत कमी तीन आणि एरवी जास्तीत जास्त सहा वर्षे अशी मुदत आहे. निबंध छापून येण्याची सक्तीही त्यांत राहिलेली नाही. प्रत्यक्षात निबंधाशिवाय पुढची पोस्टडॉकची, म्हणजे पीएच.डी.नंतरच्या संशोधनाची, जागा मिळणे कठीण, त्यामुळे सक्ती गेली तरी धास्ती गेलेली नाही.

मौखिक परीक्षा झाली, प्रबंध ग्रंथालयात गेला, तरी माशीवाल्याचे एक काम उरतेच. त्याने तयार केलेले वाण कोणाच्या तरी स्वाधीन करावे लागतात. गोठवून ठेवण्याची सोय सहसा नसते. १८ अंशांच्या कपाटात, दर काही आठवड्यांनी नव्या खाद्याच्या कुपीत माश्या झटकून ते चालू ठेवायचे. कुपीवरच्या चिठ्ठीवर प्रयोगशाळा सोडून गेलेल्याचे हस्ताक्षर असते आणि तिच्याखाली नव्या विद्यार्थ्याने घातलेली तारीख.