उबुंटूमध्ये वाय-फाय दिसत नसल्यास फॉरमॅट करण्यापूर्वी हे वाचावे

'वाय-फाय अडॅप्टर सापडत नाही' अशी तक्रार घेऊन ग्राहक आमच्याकडे येतात, तेव्हा अनेकांनी घरी एक-दोनदा लॅपटॉप फॉरमॅट करून उबुंटू पुन्हा घातलेले असते. त्याने वाय-फाय येत नाही, उलट न जपलेल्या फायली मात्र जातात. कार्ड बिघडलेले क्वचितच असते. बहुधा ड्रायव्हर (कार्ड चालवणारे सॉफ्टवेअर) नसतो किंवा असूनही चालू झालेला नसतो.

जुन्या लॅपटॉपमधील ब्रॉडकॉम बीसीएम ४३१४२ हे कार्ड घ्या. त्याचा ड्रायव्हर मुक्त स्रोताचा नसल्याने तो वेगळा घालावा लागतो. त्यासाठी मोबाइल केबलने जोडून 'यूएसबी टेदरिंग' (मोबाइलचे इंटरनेट लॅपटॉपला देणारी सोय) चालू करावे (नुसत्या चार्जिंगची केबल येथे उपयोगाची नाही) आणि 'अॅडिशनल ड्रायव्हर्स'मध्ये ब्रॉडकॉमचा पर्याय निवडावा.

वेळ वाया जातो तो यापुढच्या एका चुकीमुळे. सिक्युअर बूट (विश्वासू सही नसलेले सॉफ्टवेअर रोखणारी लॅपटॉपची सुरक्षा) चालू असेल, तर ड्रायव्हर घालताना उबुंटू एक पासवर्ड ठरवायला सांगते आणि लॅपटॉप पुन्हा सुरू होताना निळा पडदा येतो. तो दहा सेकंदच थांबतो. तेवढ्यात एखादी कळ दाबून, 'कंटिन्यू बूट' हा पहिला पर्याय सोडून 'एनरोल एमओके' (ड्रायव्हरच्या सहीची किल्ली लॅपटॉपमध्ये नोंदवणे) निवडावे आणि तोच पासवर्ड द्यावा. टाइप करताना अक्षरे दिसत नाहीत, त्याने गोंधळून जाऊ नये. सवयीने एंटर दाबला गेला, तर ड्रायव्हर डिस्कवर राहतो, पण कर्नल (उबुंटूचा गाभा) तो स्वीकारत नाही आणि तो पडदाही आपणहून पुन्हा येत नाही. अशा वेळी 'मॉकयूटिल' या आज्ञेने नोंदणीची विनंती नव्याने द्यावी लागते. ते जमत नसेल, तर लॅपटॉप आहे त्या स्थितीत आमच्याकडे आणावा.

सिक्युअर बूट सरळ बंद का करत नाही, असे आम्हाला नेहमी विचारले जाते. त्याच लॅपटॉपवर बिटलॉकर (डिस्कवरील माहिती कुलूपबंद करणारी सोय) लावलेले विंडोज असेल, तर तसे केल्यावर ते रिकव्हरी की मागू शकते, आणि ती पुष्कळांनी कुठेही लिहून ठेवलेली नसते. म्हणून आम्ही ग्राहकाला समोर बसवून पासवर्ड त्यालाच ठरवायला सांगतो. थोडा वेळ जास्त लागतो, पण तो सत्कारणी लागतो. इंटरनेटवरून ड्रायव्हरचा कोड उतरवून हाताने बसवणेही आम्ही शक्यतो टाळतो, कारण डीकेएमएसमध्ये (नव्या कर्नलसाठी ड्रायव्हर आपोआप पुन्हा तयार करणाऱ्या व्यवस्थेत) नोंद नसलेला असा ड्रायव्हर पुढच्या कर्नल अपडेटनंतर बंद पडतो.

ही यातायात कायमची टाळायची असेल, तर आमच्याकडे इंटेलची कार्डे मिळतात. त्यांचा ड्रायव्हर कर्नलमध्येच असतो आणि फर्मवेअर (कार्डाच्या आत चालणारे सॉफ्टवेअर) उबुंटूसोबत येते. मात्र काही जुने लॅपटॉप कंपनीने मान्य केलेलेच कार्ड स्वीकारतात, म्हणून खरेदीला येताना लॅपटॉप सोबत आणावा. कार्ड बसवून, वाय-फाय जोडून दाखवल्यावरच आम्ही पैसे घेतो.