उतारावरची उष्णता

बंद पडलेला एक जुना लॅपटॉप मी उघडून बसलो होतो. प्रोसेसरवरून निघून पंख्याकडे जाणारी तांब्याची एक चपटी नळी दिसली. करवतीने कापली. भरीव पट्टी असेल, नाहीतर आतून काहीतरी सांडेल, अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात निघाली पोकळी, भिंतींना पॉलिश पेपरसारखा खरखरीत थर आणि जेमतेम बोट दमट होईल इतका ओलावा. एवढ्याशा पाण्याने ते यंत्र वर्षानुवर्षं थंड ठेवलं होतं.

ही हीट पाइप. सील करण्याआधी तिच्यातली हवा काढून घेतात आणि थोडं शुद्ध पाणी ठेवतात. हवेचा दाब नसल्याने पाण्याला उकळायला शंभर अंश लागत नाहीत. नळी ४० अंशांवर असेल तर आतला दाब बाहेरच्या हवेच्या जेमतेम चौदाव्या हिश्श्याएवढा असतो आणि पाणी तेवढ्यावरही उकळतं. तापलेल्या टोकाला वाफ होते, ती गार टोकाकडे धावते, तिथे तिचं पुन्हा पाणी होतं आणि सोबत आणलेली उष्णता ती तिथेच टाकते. परत यायचं काम खरखरीत थराचं. दिव्याची वात तेल ओढते तसा तो पाणी मागे ओढून नेतो. पंप नाही, मोटर नाही, वीज नाही.

सगळी करामत सुप्त उष्णतेची. एक ग्रॅम पाणी एका अंशाने तापवायला ४.२ ज्यूल पुरतात, त्याची वाफ करायला मात्र सुमारे २४०० लागतात. वाफेचा चटका उकळत्या पाण्याहून वाईट का, याचं उत्तरही हेच. सारख्या लांबीची तांब्याची कांडी आणि हीट पाइप गरम पाण्यात उभी धरून बघा. पाइपचं वरचं टोक क्षणात हात मागे घ्यायला लावतं, कांडी बराच वेळ काही घडलंच नाही अशी असते.

कल्पना जुनी आहे. जनरल मोटर्समधल्या रिचर्ड गॉगलर यांना १९४४ मध्ये तिचं पेटंट मिळालं, पण कोणी फारसं लक्ष दिलं नाही. १९६३ मध्ये अमेरिकेतल्या लॉस अलामोस प्रयोगशाळेच्या जॉर्ज ग्रोव्हर यांनी ती स्वतंत्रपणे पुन्हा शोधली आणि 'हीट पाइप' हे नाव रूढ झालं.

आता डेटा सेंटरकडे, म्हणजे शेकडो सर्व्हर एकत्र चालतात त्या इमारतीकडे. चिप ७०-८० अंशांवर आरामात चालते. बाहेर हवा ३० अंशांची. म्हणजे उष्णतेला बाहेर जायला चांगला ४०-५० अंशांचा उतार आहे, तिने आपोआप ओघळून जायला हवं. मग गच्चीवर कॉम्प्रेसर कशाला घरघरत असतात? कारण हा उतार वाटेतच खर्ची पडतो. चिपकडून धातूच्या पातळ पात्यांकडे, तिथून खोलीतल्या हवेत, हवेतून पाण्यात, पाण्यातून गच्चीवर. प्रत्येक हस्तांतरणात काही अंश गळतात. त्यातही हवा फार कमकुवत हमाल. तेवढ्याच आकारमानाचं पाणी तिच्या सुमारे ३५०० पट उष्णता वाहतं. शेवटी उतार उरतच नाही आणि उष्णता चढावर ढकलावी लागते. त्या ढकलण्याचं बिल म्हणजे कॉम्प्रेसरची वीज.

हीट पाइप गारवा निर्माण करत नाही, हे नीट लक्षात घ्यायला हवं. ती फक्त उतार वाया जाऊ देत नाही. सर्व्हर रचलेल्या कपाटाच्या, म्हणजे रॅकच्या, मागच्या दारात नळ्यांची जाळी बसवतात आणि तिच्यात कमी तापमानाला उकळणारं शीतद्रव्य भरतात. सर्व्हरमधून येणाऱ्या गरम हवेने ते उकळतं, वाफ आपली आपण गच्चीवरच्या कंडेन्सरकडे चढते, तिथे गार होऊन तिचा पुन्हा द्रव होतो, आणि तो गुरुत्वाकर्षणाने खाली येतो. इथे वातही लागत नाही. याला थर्मोसायफन म्हणतात. गळती झालीच तर सर्व्हरवर पाणी सांडण्याची भीती नाही. वीज लागते ती पंख्यांना.

शिवाय हा एकेरी रस्ता आहे. बाहेर जास्त तापलं की वर वाफेचा द्रव होत नाही आणि प्रवाह आपोआप थांबतो. बाहेरची उष्णता उलटी आत शिरत नाही. अलास्काच्या तेलवाहिनीच्या खांबांमध्ये १९७० च्या दशकापासून अशाच लाखाहून अधिक नळ्या आहेत. हिवाळ्यात त्या जमिनीतली उष्णता वर फेकतात, उन्हाळ्यात गप्प बसतात, आणि खालची गोठलेली जमीन गोठलेलीच राहते. अमेरिकेतल्या राष्ट्रीय अक्षय ऊर्जा प्रयोगशाळेने कोलोरॅडोतल्या आपल्या डेटा सेंटरला २०१६ मध्ये थर्मोसायफन कूलर जोडला. तिथे वाचलं ते मुख्यतः पाणी: पहिल्या वर्षी सुमारे ४४ लाख लिटर, जे एरवी कूलिंग टॉवरमधून वाफ होऊन उडालं असतं.

तोंडी लावायला एक तक्रार. सर्व्हरमध्ये शिरणारी हवा १८ ते २७ अंशांची चालते, असं अ‍ॅश्रे ही वातानुकूलन क्षेत्रातली अमेरिकी संस्था सांगते. तरीही स्वेटर घालून जावं लागेल अशा सर्व्हर रूम दिसतात. खोली वीस अंशांवर अडवून ठेवली, तर पंचवीस अंशांच्या बाहेरच्या हवेकडे उतार कुठून येणार? सत्तावीसवर नेली की तीच हवा कामी येऊ लागते.

मर्यादा आहेतच. कंडेन्सर वरच हवा. वातीची नळी लांबवर नेली, किंवा तिच्यावर झेपणार नाही इतका भार टाकला, तर पाणी परत पोहोचण्याआधीच तापलं टोक कोरडं पडतं आणि तापमान झपाट्याने चढतं. ७०० वॉट ओकणाऱ्या चिपसाठी म्हणून थेट द्रव फिरवणाऱ्या थंड पट्ट्या वापरायला सुरुवात झाली आहे. आणि उन्हाळी दुपारी, उतार खरोखरच संपलेला असताना, कॉम्प्रेसर सुरू करावाच लागतो.