ग्रँड ज्युरी चौकशीतील कायदेशीर मदत

अमेरिकेत संघराज्याच्या कायद्याखाली गंभीर गुन्ह्याचा खटला भरण्याआधी तो भरण्याइतका पुरावा आहे का, हे १६ ते २३ नागरिकांची ग्रँड ज्युरी बंद दाराआड ठरवते. १२ जणांचा होकार मिळाला की आरोपपत्र निघते. या चौकशीत सापडलेल्या माणसाला वकिलाची गरज असतेच, पण वकिलाला त्या खोलीत प्रवेश नसतो.

आत ज्युरीचे सदस्य, सरकारी वकील, साक्षीदार, लघुलेखक आणि लागल्यास दुभाषी एवढेच असतात. न्यायाधीशही नसतो. ऐकीव पुरावा चालतो. संशयिताच्या बाजूचा पुरावा ज्युरीपुढे ठेवण्याचे बंधन सरकारी वकिलावर नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९९२ साली विल्यम्स खटल्यात दिला. साक्षीदाराला प्रश्न ऐकून बाहेर येता येते. दाराबाहेर थांबलेल्या आपल्या वकिलाशी बोलून तो परत आत जातो. एकट्या माणसाला हा आधार फार तोकडा आहे.

म्हणून खरी मदत समन्स हाती पडल्यापासून आत पाऊल टाकेपर्यंतची. अशील नुसता साक्षीदार आहे, चौकशीच्या कक्षेत आलेला आहे की थेट रोखच त्याच्यावर आहे, हे वकील आधी सरकारी वकिलाला विचारून घेतो. कागदपत्रे मागितली असतील तर एकही ईमेल पुसू नये, अशी ताकीद देतो. पुसल्यास तो वेगळा गुन्हा ठरू शकतो. मागणी अवास्तव असेल तर समन्स रद्द करण्यासाठी न्यायालयात अर्ज करतो. नोकरदाराने एक गोष्ट विसरू नये: कंपनीचा वकील कंपनीचे हित बघतो. हितसंबंधांचा प्रश्न उद्भवण्याची थोडी जरी शक्यता असली, तरी स्वतःचा वकील हवा.

पाचव्या घटनादुरुस्तीनुसार स्वतःला गोवणारे उत्तर नाकारता येते. निर्दोष माणसालाही हा हक्क आहे. मात्र सरकारने अभय दिले, म्हणजे ती साक्ष आणि तिच्यातून मिळालेला पुरावा त्याच्याविरुद्ध वापरणार नाही अशी हमी दिली, की हा आडोसा जातो. १९७२ च्या कास्टिगर निकालाने एवढे अभय पुरेसे मानले. त्यानंतरही गप्प राहिल्यास न्यायालयाचा अवमान होतो आणि ज्युरीची मुदत संपेपर्यंत, जास्तीत जास्त १८ महिने, तुरुंग भोगावा लागतो.

अमेरिकी लष्करातील माजी गुप्तवार्ता विश्लेषक चेल्सी मॅनिंग यांचे प्रकरण याच वाटेने गेले. गोपनीय कागदपत्रे उघड करणाऱ्या विकिलीक्स या संकेतस्थळासंबंधी साक्ष द्यायला नकार दिल्यामुळे त्यांना मार्च २०१९ मध्ये व्हर्जिनियात कोठडीत टाकले. मे महिन्यात ज्युरीची मुदत संपली, त्या सुटल्या आणि आठवडाभरातच नव्या ज्युरीसमोरच्या नकारामुळे पुन्हा आत गेल्या. या खेपेस कैदेसोबत दंड होता: ३० दिवसांनंतर रोज ५०० डॉलर, ६० दिवसांनंतर रोज १,०००. कितीही डांबले तरी त्या बोलणार नाहीत, तेव्हा ही कोठडी निव्वळ शिक्षा ठरते, असा युक्तिवाद त्यांच्या वकिलांनी केला. १२ मार्च २०२० रोजी, त्या ज्युरीचे काम संपल्यावर, सुटका झाली. २,५६,००० डॉलरचा दंड मात्र कायम राहिला.

वकील परवडत नसेल तर अवमानाखाली तुरुंगाची पाळी आल्यावर १९६४ च्या कायद्याने न्यायालय तो नेमते. साक्षीच्या टप्प्यावर असा हक्क घटनेने दिलेला नाही, आणि व्यवस्थेतली मोठी उणीव हीच आहे, कारण नुकसान बहुधा साक्षीतच होऊन जाते. गप्प राहण्याचा हक्क मात्र फक्त नागरिकांपुरता नाही. व्हिसावर राहणारा मराठी अभियंताही तो वापरू शकतो. इंग्रजीत अडखळणाऱ्याने दुभाष्याची मागणी वकिलामार्फत आधीच नोंदवावी.