विटांच्या भिंतीत कसला ‘स्टड’?

टीव्ही टांगण्याआधी भिंतीवर चुंबक फिरवून ‘स्टड’ शोधा, हा सल्ला बरीच वर्षं फिरतोय. तो अमेरिकेतल्या घरांचा. तिथे जिप्सम बोर्डामागे साधारण दर १६ इंचांवर उभी लाकडं, म्हणजे ‘स्टड’ असतात, वजन तीच पेलतात. चुंबक चिकटतं ते त्यांत मारलेल्या स्क्रूंना. आमच्या बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या फ्लॅटची भिंत विटांची. काकांनी तासभर चुंबक फिरवलं; सापडला प्लास्टरखालचा गंजका खिळा!

अशा भिंतीवर ठोकल्यावर पोकळ आवाज आला तर बहुधा प्लास्टर सुटलेलं असतं. ती जागा टाळा. हॅमर ड्रिलनं भोक विटेत पाडा, सांध्यात नको. धूळ काढा, मग फास्टनर ठोका. स्विचबोर्डच्या सरळ वर ड्रिल अजिबात लावू नका, बहुतेकदा तिथूनच वायर गेलेली असते.

जिप्समचं पार्टिशन असेल तर मात्र स्टड शोधावाच लागतो.