कमी वॅटच्या व्हॉल्व्ह अ‍ॅम्पची पार्श्वभूमी

गिटारसाठी घरी अ‍ॅम्प बांधायला घेणारे बरेच जण आजही तीन व्हॉल्व्हांपासून, म्हणजे काचेच्या निर्वात नळ्यांपासून, सुरुवात करतात : एक प्रीअ‍ॅम्पचा (गिटारचा क्षीण संकेत वाढवणारा), एक पॉवरचा (स्पीकर चालवणारा), एक रेक्टिफायर (एसी विजेची एकाच दिशेने वाहणारी डीसी करणारा). हा आराखडा मुळात गिटारसाठी कुणी शोधून काढलेला नाही. तो रेडिओतून आला.

१९३०च्या दशकात रेडिओ घरोघर पोचला, तसे व्हॉल्व्ह बनवणाऱ्या कंपन्या आपल्या मालासोबत नमुन्याची सर्किटंही छापून देत. विजेवरची गिटार त्याच दशकात बाजारात आली आणि अ‍ॅम्प बनवणाऱ्यांनी तीच सर्किटं उचलली. लिओ फेंडर यांचं तर कॅलिफोर्नियात रेडिओ दुरुस्तीचंच दुकान होतं. त्यांच्या कंपनीचा ‘चॅम्प’ हा नवशिक्यांसाठीचा स्वस्त अ‍ॅम्प. १९५०च्या दशकातल्या त्याच्या गाजलेल्या रूपात प्रीअ‍ॅम्पला १२एएक्स७, पॉवरला ६व्ही६ आणि रेक्टिफायर म्हणून ५वाय३ एवढेच व्हॉल्व्ह, आठ इंची स्पीकर आणि जेमतेम पाच वॅट. आजचे कितीतरी हौशी आराखडे थेट याच्यावरून घेतलेले असतात.

त्याहून स्वस्त अ‍ॅम्पमध्ये घरच्या विजेपासून सर्किट वेगळं ठेवणारा मेन्स ट्रान्सफॉर्मरच गाळलेला असे. व्हॉल्व्हांचे हीटर (आतल्या तापणाऱ्या तारा) एकापुढे एक जोडून सरळ घरच्या विजेवर चालवायचे. गिटारच्या तारा अ‍ॅम्पच्या चासीला (धातूच्या सांगाड्याला) जोडलेल्या असल्याने एक कपॅसिटर बिघडला तरी वाजवणाऱ्याला शॉक बसू शकतो. असा जुना अ‍ॅम्प हाती आला, तर तसं वेगळेपण देणारा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर बसवल्याशिवाय तो सुरू करूच नये.

पुढे सभागृहं मोठी झाली. तिथले लाउडस्पीकर गायकालाच कसेबसे पुरत, मग गिटारचा आवाज अ‍ॅम्पनेच शेवटच्या रांगेपर्यंत न्यायचा. १९६०च्या दशकाच्या मध्याला मार्शल या ब्रिटिश कंपनीचे शंभर वॅटचे अ‍ॅम्प आले ते या गरजेतून. वॅट आणि आवाज यांचं नातं मात्र सरळ नसतं. वॅट दहापट केले तर कानाला आवाज साधारण दुप्पट वाटतो. म्हणजे पाच वॅटचा अ‍ॅम्प पन्नास वॅटवाल्याच्या निम्म्या आवाजात वाजतो, आणि एका खोलीत तेवढा आवाज पुष्कळ होतो.

खरा प्रश्न सुराच्या पोताचा होता. वादकांना जो भरदार, किंचित फाटलेला सूर हवा असतो, तो पॉवर व्हॉल्व्ह मर्यादेपर्यंत ताणल्यावर येतो. एकच पॉवर व्हॉल्व्ह असलेल्या सर्किटमध्ये लहरीच्या दोन बाजू सारख्या चपट्या होत नाहीत, म्हणून मूळ सुरात त्याच्या वरच्या सप्तकाचा सूर मिसळतो. दोन व्हॉल्व्ह आलटून-पालटून काम करणाऱ्या पुश-पुल रचनेत हा दुसरा हार्मोनिक बराचसा कापला जातो. एकट्या व्हॉल्व्हची किंमतही मोजावी लागते : आउटपुट ट्रान्सफॉर्मरमधून सतत डीसी प्रवाह वाहतो, म्हणून त्याच्या गाभ्यात हवेची फट ठेवावी लागते आणि त्याच वॅटला तो जास्त मोठा करावा लागतो. हौशी लोक इथेच पैसे वाचवतात आणि खर्जातले सूर गमावतात.

शंभर वॅटचा अ‍ॅम्प तेवढा ताणायचा तर कान फाटायची वेळ. १९७०च्या दशकात मास्टर व्हॉल्यूम (प्रीअ‍ॅम्पनंतर आवाज कमी करणारा नॉब) रुळला, पण त्याने मुख्यतः प्रीअ‍ॅम्पच विकृत होतो. माझ्या कानाला तो सूर नेहमी पातळ वाटतो. स्टुडिओत तर लहान अ‍ॅम्पसमोर मायक्रोफोन ठेवून काम भागतच होतं. मंचावरची ध्वनियंत्रणा सुधारली आणि तिथेही तेच शक्य झालं.

दरम्यान ट्रान्झिस्टरने रेडिओतून व्हॉल्व्ह हद्दपार केला. १९७६मध्ये आरसीए या अमेरिकी कंपनीने व्हॉल्व्हांचं उत्पादन थांबवलं. नवे व्हॉल्व्ह आता प्रामुख्याने रशिया, स्लोव्हाकिया आणि चीनमधून येतात, आणि ते टिकून आहेत त्यात गिटारवाल्यांचा मोठा वाटा आहे. २०१२मध्ये मार्शलनेही पन्नाशीनिमित्त एक वॅटचे अ‍ॅम्प काढले. त्यांत पॉवरचं काम ईसीसी८२ हा एरवी प्रीअ‍ॅम्पमध्ये वापरला जाणारा छोटा व्हॉल्व्ह करतो. हौशी बांधणारे याच वाटेने अर्ध्या वॅटपर्यंत उतरले आहेत. चांगल्या स्पीकरवर तेवढ्यानेही शेजारच्या खोलीत बोलणं ऐकू येत नाही.